पंप आणि पंख्यांसाठी कमी-जास्त करता येणारा डीसी वीजपुरवठा : पहिल्यांदाच बनवणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

रोपवाटिकेतले फॉगर, मातीविना शेतीचा छोटा प्रयोग, आळंबीची खोली किंवा छपरावरची बाग अशा ठिकाणी १२ व्होल्टचा एखादा पंप आणि तीन-चार पंखे हमखास लागतात, आणि त्यांचा वेग ऋतूप्रमाणे बदलता यावा असे प्रत्येकालाच वाटते. बहुतेक जण बाजारातून '१२ व्होल्ट, ५ अँपिअर' लिहिलेला अडॅप्टर आणि एक रेग्युलेटर आणतात आणि पंप सुरू होताना अडॅप्टर बंद का पडतो याचा शोध घेत बसतात. या लेखात ५ ते साधारण १२.५ व्होल्टपर्यंत बदलता येणारा आणि पंप व पंखे दोन्ही चालवणारा पुरवठा कसा आखावा, हे क्रमाने दिले आहे. मोटरच्या लेबलावरचा आकडा ती नीट फिरत असतानाचा असतो. पुरवठ्याची खरी परीक्षा मात्र मोटर सुरू होताना, अडकल्यावर आणि मंद वेगात चालताना होते, म्हणून आखणीही तिथूनच करावी लागते.

मल्टिमीटर वापरता येतो, सोल्डरिंग जमते आणि ओहमचा नियम माहीत आहे, एवढे मी गृहीत धरतो.

१. आधी भार ओळखा

पंप आणि पंखा हे दोन्ही 'मोटर' असले तरी विजेच्या दृष्टीने त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. फवारणीच्या बॅटरी पंपात असतो तो डायफ्राम पंप (लवचिक पडदा मागे-पुढे करून पाणी ढकलणारा) बहुधा ब्रशच्या मोटरवर चालतो. त्याच्या दोन वायरी थेट कार्बन ब्रशपर्यंत जातात. संगणकात असतो तसा १२० मिलिमीटरचा पंखा ब्रशविना चालतो आणि त्याच्या आत स्वतःचे छोटे सर्किट असते. मत्स्यटाकीतला १२ व्होल्ट डीसीचा छोटा बुडीत पंपही बहुधा या दुसऱ्या जातीचा असतो.

यातून पहिला नियम निघतो. ब्रशच्या मोटरला वीज तुकड्या-तुकड्यांत देऊन, म्हणजे पीडब्ल्यूएम पद्धतीने, वेग बदलता येतो, आणि फवारणी पंपावरच्या फिरवायच्या बटणात सहसा हेच असते. दोन किंवा तीन वायरींच्या पंख्याचा पुरवठा तसा तोडू नये, कारण आतले सर्किट प्रत्येक तुकड्याला बंद होऊन पुन्हा सुरू होऊ पाहते, पंखा कुरकुरतो आणि लवकर खराब होतो. चार वायरींच्या पंख्याला वेगाचा संकेत वेगळ्या वायरीने, सुमारे २५ किलोहर्ट्झवर, देतात आणि त्याच्या लाल-काळ्या वायरींवर १२ व्होल्ट कायम ठेवतात. एकाच पद्धतीने पंप आणि साधे पंखे दोन्ही चालवायचे असतील, तर व्होल्टेज खरोखर कमी-जास्त करणे हाच सरळ मार्ग उरतो.

२. मोटरची तीन मोजमापे घ्या

खरेदीला जाण्यापूर्वी ही मोजमापे कागदावर उतरवून ठेवा.

पहिले मोजमाप चालू स्थितीतल्या करंटचे. पंपाला प्रत्यक्षात लावणार असाल तेवढे नोझल लावून, १२ व्होल्टवर, पाणी फिरत असताना करंट मोजा. हवेत फिरणारा पंप फार कमी करंट घेतो आणि दिशाभूल करतो. लहान डायफ्राम पंप २ ते ३ अँपिअर घेतो, आणि १२० मिलिमीटरचा पंखा पाव अँपिअरच्या आसपास.

दुसरे मोजमाप मोटरच्या वळणांच्या रोधाचे. मल्टिमीटर ओहमवर ठेवून मोजल्यास ब्रशच्या स्थितीनुसार दर वेळी वेगळे उत्तर येते. त्याऐवजी उसन्या आणलेल्या बदलत्या पुरवठ्यावरून मोटरला सुमारे १ व्होल्ट द्या, ती फिरत नाही याची खात्री करा आणि करंट मोजा. १ व्होल्टला ०.६५ अँपिअर आला, तर रोध साधारण १.५ ओहम. म्हणजे १२ व्होल्ट एकदम दिल्यास पहिल्या क्षणी मोटर ८ अँपिअर मागणार. फिरू लागल्यावर मोटर स्वतःच उलट व्होल्टेज निर्माण करते आणि करंट उतरतो. २ अँपिअरवर चालताना १२ पैकी ९ व्होल्ट हे उलट व्होल्टेज असते आणि उरलेले ३ व्होल्ट वळणांत खर्च होतात. अडॅप्टर पंप सुरू होतानाच का दमतो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

तिसरे मोजमाप सुरू होण्याच्या किमान व्होल्टेजचे. पंख्याला शून्यापासून व्होल्टेज वाढवत न्या. तो ५ ते ७ व्होल्टच्या दरम्यान कुठेतरी फिरू लागेल. मग हळूहळू कमी करा. तो त्याहूनही खाली फिरत राहील. या दोन आकड्यांतले अंतर महत्त्वाचे आहे, कारण रात्री वीज जाऊन परत आली की पंखा वरच्या आकड्याशिवाय सुरू होत नाही. पंपासाठी हीच चाचणी नळीत दाब असताना करावी.

३. रेषीय की स्विचिंग, हे उष्णतेवरून ठरवा

एलएम३१७ हा १.५ अँपिअरचा आणि एलएम३३८ हा ५ अँपिअरचा रेग्युलेटर स्वस्त आहे, त्याचे सर्किटही दोन रोधकांचे आहे. हे रेषीय रेग्युलेटर जास्तीचे व्होल्टेज उष्णतेच्या रूपाने जाळतात. किती जाळतात ते भारावर अवलंबून असते, आणि इथे पंप व पंखा यांचा फरक नेमका दिसतो.

पंख्याला लागणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे व्होल्टेज कमी केले की त्याचा करंटही झपाट्याने उतरतो. समजा चार पंखे १२ व्होल्टला मिळून १ अँपिअर घेतात आणि आत १५ व्होल्ट येत आहेत. ढोबळ हिशेबाने रेग्युलेटरमध्ये १२ व्होल्टला ३ वॅट, १० व्होल्टला साडेतीन वॅट आणि ६ व्होल्टला सव्वादोन वॅट जळतात. यासाठी मध्यम हीट सिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा) पुरतो, आणि सर्वाधिक ताप मधल्या वेगाला असतो.

डायफ्राम पंपाचे तसे नाही. समोरचा दाब तोच असेल, तर त्याला लागणारा जोर वेग कमी केला तरी जवळपास तेवढाच राहतो, म्हणून करंटही उतरत नाही. २ अँपिअरच्या पंपासाठी १२ व्होल्टला ६ वॅट जळतात, पण ६ व्होल्टला १८ वॅट. जितका पंप मंद, तितका रेग्युलेटर तापणार. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, बंद खोक्यात १८ वॅट बाहेर काढायला लागणारा हीट सिंक पंपाहून मोठा होतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. फक्त पंखे चालवायचे असतील, तर एलएम३१७ किंवा एलएम३३८ खुशाल वापरा; त्याचा पुरवठा स्वच्छ असतो आणि दुरुस्ती सोपी. पंप असेल, तर बक कन्व्हर्टर, म्हणजे वीज वेगाने तोडून-जोडून व्होल्टेज उतरवणारा स्विचिंग रेग्युलेटर, हवा. त्यात ३० वॅट भाराला साधारण ४ वॅटच उष्णता होते.

घरात पडून असलेला ट्रान्सफॉर्मर वापरण्याचा मोह अनेकांना होतो. तो वापरताना एवढे लक्षात ठेवा की ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड) आणि कॅपॅसिटर लावल्यावर ट्रान्सफॉर्मरच्या वळणांतला करंट डीसी करंटच्या सुमारे १.६ ते १.८ पट होतो, म्हणजे ३ अँपिअर डीसीसाठी ५ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर लागतो. १०,००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावूनही ३ अँपिअरला सुमारे ३ व्होल्टची लहर, म्हणजे व्होल्टेजचा चढउतार, राहते, त्यामुळे १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्ट स्थिर देऊ शकत नाही. नवशिक्यांनी या वाटेला जाऊ नये. २३० व्होल्टची जोडणी जितकी कमी तितके बरे.

४. साहित्य

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली इथे हे सगळे एका फेरीत मिळते.

- एसएमपीएस (२३० व्होल्ट एसीपासून स्थिर डीसी देणारा तयार पुरवठा), १५ व्होल्ट ७ अँपिअर, पत्र्याच्या जाळीदार खोक्याचा
- एक्सएल४०१५ चे बक मॉड्यूल, व्होल्टेज आणि करंट दोन्ही मर्यादित करता येणारे (पंपासाठी)
- एलएम२५९६ चे बक मॉड्यूल (पंख्यांसाठी)
- २ किलोओहमचे पॅनेलवर बसणारे पोटेन्शिओमीटर (फिरवून रोध बदलणारे बटण), दोन
- १ किलोओहमचे रोधक, पाव वॅट
- १एन५८२२ किंवा तत्सम ३ अँपिअरचा शॉट्की डायोड
- ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कॅपॅसिटर
- ब्लेड फ्यूज आणि त्यांचे होल्डर. ५ अँपिअर आणि २ अँपिअर
- एरवी जोडलेला राहणारा आणि ७० अंशांना वीज तोडणारा तापमान स्विच
- १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, लग, केबल ग्लँड, तीन पिनांची कॉर्ड
- मोटारसायकलच्या ब्रेकलाइटचे १२ व्होल्ट २१ वॅटचे दोन बल्ब (चाचणीसाठी)

दोन मॉड्यूल का, असे दुकानदारही विचारतो. एकाच मॉड्यूलवर दोन्ही लावले, तर पंप सुरू होताना व्होल्टेज बुडते आणि मंद वेगातले पंखे थांबतात. शिवाय पंपाचा वेग बदलला की पंख्यांचाही बदलतो.

५. मुख्य पुरवठा १५ व्होल्टचाच का घ्यावा

बाजारात २४ व्होल्टचे एसएमपीएस सर्रास मिळतात आणि बक मॉड्यूलला ते चालतातही. तरीही शोधून १५ व्होल्टचा घ्यावा, असे मी सुचवेन. बक मॉड्यूल निकामी होते तेव्हा बरेचदा त्याच्या आतला स्विच शॉर्ट होतो आणि आतले व्होल्टेज जसेच्या तसे बाहेर येते. १२ व्होल्टच्या पंपावर १५ व्होल्ट आले, तर तो जोरात धावतो आणि तुमच्या लक्षात येते. २४ व्होल्ट आले, तर पंखे लगेच जातात.

क्षमतेचा हिशेब असा. पंप सुरू होताना १२ व्होल्टला ४ अँपिअरपर्यंत जाऊ द्यायचे म्हटले, तर ४८ वॅट, मॉड्यूलमधली घट धरून सुमारे ५५. पंखे १२ वॅट, घट धरून १४. एकूण ६९ वॅट, म्हणजे १५ व्होल्टवर ४.६ अँपिअर. ७ अँपिअरचा पुरवठा यात आरामात चालतो आणि उन्हाळ्यातही गार राहतो.

पत्र्याच्या एसएमपीएसवर तीन गोष्टी तपासा. काहींवर ११५ आणि २३० व्होल्ट निवडण्याचा छोटा लाल स्विच असतो. तो चुकून ११५ वर असेल, तर प्लग लावताच स्फोटासारखा आवाज होऊन सगळे संपते. अर्थिंगचा स्क्रू रिकामा ठेवला, तर आतल्या फिल्टरमुळे पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. तिसरी पिन जोडाच. आणि 'व्ही अॅड्ज' लिहिलेला स्क्रू फिरवून बाहेरचे व्होल्टेज बरोबर १५ वर आणा.

६. व्होल्टेजची दोन टोके रोधकांनी बांधा

मॉड्यूलवरचे निळे ट्रिमपॉट पेचकसाने फिरवण्यासाठी असते, रोजच्या वापरासाठी नसते. त्याचा पल्लाही फार मोठा असतो. ते काढून त्या जागी एक स्थिर रोधक आणि पॅनेलचे पोटेन्शिओमीटर मालिकेत लावा, म्हणजे बटण कुठेही फिरवले तरी व्होल्टेज ठरलेल्या सीमेबाहेर जात नाही.

एलएम२५९६ आपल्या फीडबॅक पिनवर (बाहेरचे व्होल्टेज तपासणाऱ्या पिनवर) १.२३ व्होल्ट राखतो, एक्सएल४०१५ हा १.२५ व्होल्ट. बाहेरचे व्होल्टेज म्हणजे हा आकडा गुणिले (१ अधिक वरचा रोध भागिले खालचा रोध). खालचा रोध मॉड्यूलवरच असतो. फीडबॅक पिन आणि ग्राउंड यांच्यामधल्या बारीक रोधकावरचा आकडा भिंगातून वाचा. तो ३३० ओहम असेल, तर वर १ किलोओहम स्थिर आणि २ किलोओहमचे पोटेन्शिओमीटर लावल्यावर एलएम२५९६ चा पल्ला ५ ते १२.४ व्होल्ट होतो, आणि एक्सएल४०१५ चा ५ ते १२.६. खालचा रोध वेगळा असेल, तर याच सूत्रात घालून वरचे दोन आकडे पुन्हा काढा.

इथले सापळे तीन. साध्या कार्बनच्या पोटेन्शिओमीटरचा खरा रोध छापील आकड्यापेक्षा २० टक्क्यांनी वर-खाली असू शकतो, २.४ किलोओहम निघाला, तर वरचे टोक १४ व्होल्टजवळ जाते. आधी मोजा, मग लावा. दुसरे, मधली पिन एका टोकाच्या पिनेला जोडून ठेवा, म्हणजे आतला सरकता संपर्क क्षणभर सुटला तरी रोध अनंत होत नाही. तिसरे, या जोडणीच्या वायरी १० सेंटिमीटरहून लांब नेऊ नका आणि एकमेकींभोवती पीळ देऊन न्या. लांब वायर मोटरचा गोंगाट पकडते आणि व्होल्टेज थरथरते. यातली एखादी वायर तुटली, तर मॉड्यूल पूर्ण १५ व्होल्ट बाहेर देते, म्हणून इथे खुपसायच्या जंपर वायरी नकोत. थेट सोल्डर करा.

७. करंटची मर्यादा विचारपूर्वक ठेवा

एक्सएल४०१५ च्या मॉड्यूलवर ५ अँपिअर लिहिलेले असले तरी सतत ३ अँपिअर हीच व्यवहारातली मर्यादा समजा. सुरुवातीच्या क्षणासाठी मर्यादा ४ अँपिअरवर ठेवा. ८ अँपिअर मागणाऱ्या पंपाला ४ मिळाले, तर व्होल्टेज थोडा वेळ बुडते, पंप किंचित सावकाश वेग घेतो आणि मग व्होल्टेज पूर्ववत होते. मोटरचा जोर करंटच्या प्रमाणात असतो, म्हणून मर्यादा फार खाली नेली, तर पंप दाबाविरुद्ध सुरूच होत नाही.

असा अडकलेला पंप ओळखायला कान पुरतो. टकटक थांबते, एक बारीक एकसुरी गुणगुण येते आणि मीटरवर व्होल्टेज ६ च्या आसपास पडलेले दिसते. दीड ओहमच्या वळणांत ४ अँपिअर म्हणजे २४ वॅट, आणि ते सगळे मोटरच्या आत. लोक म्हणतात, 'फ्यूज आहे की!' पण करंट ४ अँपिअरवर अडवलेला असताना ५ अँपिअरचा फ्यूज कधीच उडणार नाही. फ्यूज वायरी आणि मॉड्यूलसाठी आहे, अडकलेल्या मोटरसाठी नाही. त्यासाठी तापमान स्विच मोटरच्या अंगावर घट्ट बांधून पुरवठ्याच्या मालिकेत लावा.

या मॉड्यूलमध्ये करंट मोजणारा रोधक ऋण बाजूला असतो, म्हणून आतले ऋण टोक आणि बाहेरचे ऋण टोक हे एक नाहीत. खोक्यात सगळ्या काळ्या वायरी एकत्र बांधल्या, की करंटची मर्यादा गुपचूप निकामी होते. पंपाची काळी वायर मॉड्यूलच्या बाहेरच्या टोकालाच गेली पाहिजे.

८. डायोड आणि कॅपॅसिटर मोटरपाशी लावा

ब्रशच्या मोटरचा करंट अचानक तोडला, की तिच्या वळणांतली ऊर्जा मोठ्या व्होल्टेजच्या ठिणगीतून बाहेर पडते. उपाय म्हणजे मोटरला समांतर, उलट दिशेने लावलेला डायोड. पट्टी असलेले टोक धन वायरीला. जागा मात्र महत्त्वाची आहे. फवारणीच्या पंपावर दाबाचा स्विच असतो आणि नोझल बंद झाले की तो उघडतो. डायोड खोक्यात लावला, तर स्विच उघडल्यावर मोटर आणि डायोड यांचा संबंधच तुटतो आणि ठिणगी स्विचच्या टोकांवर पडत राहते. म्हणून डायोड दाबाच्या स्विचनंतर, मोटरच्या दोन टोकांवरच सोल्डर करावा. तिथेच ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावला, की रेडिओतली खरखरही जाते. ब्रशविना पंख्यांना याची गरज नाही. त्यांना फक्त धन-ऋण उलटे जोडू नका.

९. वायरी आणि खोका

पंप खोक्यापासून ५ मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन १० मीटर वायर होते. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्यात ३ अँपिअरला सुमारे अर्धा व्होल्ट पडतो, अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरीत एक व्होल्टाहून जास्त, आणि सुरू होताना त्याहून अधिक. स्पीकरची बारीक वायर वापरू नका. ५ अँपिअरचा फ्यूज पंपाच्या मॉड्यूलच्या आतल्या बाजूला आणि २ अँपिअरचा पंख्यांच्या मॉड्यूलला लावा.

खोका पाण्याच्या टाकीहून उंच ठेवा आणि वायरी खालून आत घ्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी आत शिरत नाही. ज्या सॉकेटवर हे लावणार, त्यामागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. यात काटकसर करू नका.

१०. चाचणीचा क्रम

पंप लगेच जोडू नका. आधी भाराविना दोन्ही बटणे टोकापासून टोकापर्यंत फिरवून व्होल्टेज मोजा. १३ च्या वर जाता कामा नये. मग करंटची मर्यादा ठरवा: पंपाच्या मॉड्यूलचे बटण सर्वांत खाली, म्हणजे ५ व्होल्टवर ठेवा, मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून त्याची टोके क्षणभर बाहेरच्या टोकांना शॉर्ट करा आणि करंटचा स्क्रू फिरवून ४ अँपिअर आणा.

त्यानंतर ब्रेकलाइटचा एक बल्ब लावा. तो १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर घेतो, आणि त्याची गार तार पहिल्या क्षणी त्याच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे मोटर सुरू होण्याची ही स्वस्त नक्कल आहे. बल्ब लुकलुकत राहिला, तर एसएमपीएस पुन्हा पुन्हा बंद होऊन सुरू होत आहे असे समजा आणि मर्यादा तपासा. नीट पेटला, तर दुसरा बल्ब समांतर लावा आणि साडेतीन अँपिअरवर, म्हणजे रोजच्या ३ अँपिअरच्या मर्यादेच्या जरा वर, अर्धा तास चालू ठेवा. मॉड्यूलच्या चिपवर बोट ठेवता येत नसेल, तर हीट सिंक चिकटवा किंवा खोक्याला जाळी पाडा.

शेवटी पंप जोडा आणि नोझल बंद-उघडे करून, कमीत कमी वेगाला तो दाबाविरुद्ध पुन्हा सुरू होतो का ते पाहा. होत नसेल, तर त्या मॉड्यूलचा १ किलोओहमचा रोधक काढून १.२ किंवा १.५ किलोओहमचा लावा, म्हणजे बटणाचे खालचे टोक वर येईल. पण वरचे टोकही तेवढेच वर सरकते, म्हणून पोटेन्शिओमीटरला समांतर ४.७ किलोओहम लावून वरचे टोक पुन्हा मोजा. पंख्यांसाठी हेच, फक्त मेन स्विच बंद-चालू करून. ही तपासणी थंडीतल्या एखाद्या पहाटे पुन्हा करा, कारण गार ग्रीसमुळे पंखा सुरू व्हायला उन्हाळ्यापेक्षा जास्त व्होल्टेज मागतो.